बुरुल खाली बसली नाही

बुरुल आणि कोगाय मास्तरांची ओळख भांडणातून झाली. साल १९८०, ऑक्टोबर महिना. आम्ही दोघी टेलिफोन एक्सचेंजमध्ये कामाला होतो आणि कोकबुलाक या सरोवराकाठच्या गावातल्या कामगार वसतिगृहात, तळमजल्यावर, एका खोलीत राहत होतो. बुरुल रात्रपाळी करून साडेपाचला येऊन पडायची, आणि सहाच्या ठोक्याला आमच्या जमिनीखालून, जिथे इमारतीचा बॉयलर होता तिथून, धपधप आवाज सुरू व्हायचे. मध्येच आठ-दहा पुरुष एकदम ओरडायचे. माझी झोप गाढ, मला काही वाटायचं नाही. बुरुलनं आठवडाभर सहन केलं. मग एका सकाळी झग्यावर कोट चढवला, लोकरीचे जाड बूट पायात घातले आणि "आज यांना चांगलं ऐकवून येते" म्हणत खाली गेली. तासाभरानं परत आली, आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

दुपारी उठल्यावर तिनं मला सांगितलं. खाली कोळशाचा ढीग एका कोपऱ्यात लोटून बाकीची फरशी धुऊन काढली होती. त्यावर नऊ माणसं कराटे शिकायला अनवाणी उभी होती. त्यांना शिकवणारा माणूस म्हणजे बस डेपोतला मेकॅनिक रोदिओन कोगाय, कोरियन वंशाचा. आमच्या भागातले कोरियन तसे कांद्याच्या शेतीवर, नाहीतर दुकानात. हा इंजिनं दुरुस्त करायचा. चाळिशीचा, ठेंगणा, काळी नखं. त्यानं बुरुलची तक्रार पूर्ण ऐकून घेतली, तिला उलट्या बादलीवर बसायला सांगितलं आणि म्हणाला, "दहा मिनिटं. मग आवाज बंद." ती बसली. दहा मिनिटांनी आवाज बंद झाला, तरी ती उठली नाही.

"मला येईल का हे?" तिनं विचारलं.

"माहीत नाही," कोगाय म्हणाला. "उद्या ये. बूट वर ठेवून ये."

बुरुल कोण होती ते आधी सांगायला हवं. ती डोंगरातल्या मेंढपाळ वस्तीतली. आई लहानपणी गेली, बापानं दुसरं लग्न केलं. नव्या बाईला आपली चार पोरं झाली आणि त्या घरात बुरुलकडे कुणाचं लक्ष उरलं नाही. त्यातून ती उंच. आमच्या एक्सचेंजमधल्या बायका तिला 'तारेचा खांब' म्हणायच्या, तोंडावरच म्हणायच्या. उंची लपवायला ती खांदे पुढे पाडून, मान खाली घालून चालायची. पाळीभर कानाला यंत्र लावून लोकांच्या गोष्टी लोकांशी जोडून द्यायच्या, हे तिचं काम. तिला स्वतःला फोन करणारं कुणी नव्हतं. बावीस वर्षांची होती तेव्हा.

पहिले तीन महिने मास्तरांनी तिला नुसतं उभं केलं. गुडघे वाकवून, पाय पसरून, पाठ सरळ. ती खोलीवर येऊन पलंगाचा कठडा धरून बसायची आणि मी तिला चिडवायची, की आपल्या वस्तीत घोड्यावर बसून हेच फुकटात शिकली असतीस. ती हसायची नाही. तिला त्यात काहीतरी सापडलं होतं. मास्तरांनी तिला एकदा सांगितलं, की तू खोटं उभी राहतेस, जमिनीची माफी मागत असल्यासारखी. बस, एवढंच. पण त्यानंतर ती एक्सचेंजमध्ये शिरायची तेव्हा बायका जरा बाजूला सरकायच्या. आपण का सरकलो ते त्यांनाही कळायचं नाही.

मास्तर काही मोठे गुरू नव्हते, आणि तसा आवही आणत नव्हते. ताश्कंदमध्ये कामाला असताना एका मित्राकडून दोन वर्षं शिकले होते. पुढचं सगळं एका पुस्तकाच्या फोटो काढलेल्या पानांवरून. ती पानं धुरकट, कुठे हात दिसायचा तर पाय दिसायचा नाही. काही पानं नव्हतीच. शिकवताना ते मध्येच थांबून म्हणायचे, "याच्या पुढचं पान माझ्याकडे नाही. मी विचार करून जे बसवलंय ते सांगतो. चूक असेल." बुरुलला हे फार आवडायचं. मला म्हणाली, "सोनुन, मला आजवर ज्यांनी ज्यांनी काही सांगितलं, त्यातल्या एकानंही 'चूक असेल' म्हटलं नव्हतं."

पुढच्या वर्षाच्या शेवटी वरून कायदा आला. परवान्याशिवाय कराटे शिकवणं बंद. परवाना आमच्यासारख्या गावात कुणाला मिळणार नव्हता. वसंतात मिलिशियाची, म्हणजे पोलिसांची, माणसं बॉयलरच्या खोलीत आली, सगळ्यांची नावं लिहून घेतली, मास्तरांची वही जप्त केली. त्या वहीत कुणाला काय शिकवून झालं याची नोंद होती. मास्तरांना दंड झाला आणि यापुढे शिकवणार नाही असं त्यांच्याकडून लिहून घेतलं. पुन्हा सापडलात तर तुरुंग, हेही सांगितलं. नऊपैकी सातजण त्याच दिवशी घरी बसले. त्यांना दोष कसा द्यायचा? बायकापोरांची माणसं होती.

मास्तर दोन महिने गप्प राहिले. मग मे महिन्यात, सरोवराच्या काठी, मासेमारीची जाळी वाळवायच्या रिकाम्या शेडमध्ये पुन्हा सुरू झालं. आता तिघंच उरले होते, बुरुल आणि गिरणीतले दोन भाऊ. बुरुल पहाटे चार किलोमीटर चालत जायची. तिथे मास्तरांनी त्यांना एक नवा काता शिकवला. काता म्हणजे हल्ले नि बचाव यांची ठरावीक ओळीनं बांधलेली मालिका, एकट्यानं करायची. हा काता लांब होता आणि त्याच्या मधलं एक पान हरवलेलं होतं. तिथलं वळण मास्तरांनी स्वतः बसवलं होतं: डाव्या टाचेवर सबंध फिरून, खाली जाऊन, पुन्हा उठायचं. उन्हाळाभर बुरुल तेवढं एक वळण करत होती. खोलीत टेबल बाजूला सरकवून करायची आणि तिचं डोकं दिव्याला लागायचं.

सप्टेंबरमध्ये मास्तरांना धरून नेलं. कुणी सांगितलं ते आजपर्यंत कळलेलं नाही. कोळ्यांपैकी कुणी असेल, किंवा मिलिशियाला माहीतच असेल.

तपास करणारा अधिकारी शातमानोव्ह नावाचा तरुण होता. आरडाओरडा करायचा नाही. बुरुलला त्यानं तीनदा बोलावलं, चहा दिला. त्याला एकच गोष्ट हवी होती: ताकीद मिळाल्यावर कोगायनं काही शिकवलं का? बुरुलनं तिन्ही वेळा सांगितलं, की आम्ही काठावर सकाळचा व्यायाम करत होतो. रेडिओवर लागतो तो. गिरणीतल्या भावांनीही तेच सांगितलं. मलाही एकदा बोलावलं, मी म्हटलं मी झोपलेली असते. शातमानोव्हच्या हातात साक्षीदार नव्हता, आणि नुसत्या व्यायामाला शिक्षा देता येत नव्हती.

खटला फेब्रुवारीत उभा राहिला. आदल्या संध्याकाळी मास्तरांची बायको क्लारा आमच्या खोलीवर आली. तिनं डब्यात गाजराचं तिखट लोणचं आणलं होतं, ते टेबलावर ठेवलं आणि कोट न काढता बसली. वकिलानं तिला सांगितलं होतं, की राजधानीतून क्रीडा खात्याचा एक तज्ज्ञ येणार आहे आणि तो कदाचित बुरुलला करून दाखवायला सांगेल. वही कोर्टाकडे आहे. वहीत जे नाही ते बुरुलला येत असेल, तर ते ताकिदीनंतर शिकवलं हे उघड होईल.

"वहिनी, मी रेडिओचा व्यायाम करेन," बुरुल म्हणाली. "हात वर, हात खाली. वेंधळ्यासारखा करेन."

"करशील ना?"

"मला वेंधळं दिसायची सवय आहे."

क्लारा थोडीशी हसली. जाताना तिनं बुरुलच्या दंडावर हात ठेवला. मी ते पाहिलं म्हणून सांगते.

कोर्टाची खोली लहान होती, शेगडी धुमसत होती. न्यायाधीश बाई होत्या, जाड चष्म्याच्या, सर्दी झालेल्या. मास्तर बाकावर मान खाली घालून बसले होते. केस कापलेले, त्यामुळे त्यांचे कान मोठे वाटत होते. क्लारा माझ्या पुढच्या बाकावर होती. तज्ज्ञ म्हणून आलेला माणूस धिप्पाड होता, तरुणपणी कुस्ती खेळलेला असावा. त्यानं वही चाळली आणि न्यायाधीशांना म्हणाला, की या मुलीला करू द्या, मला दोन मिनिटांत कळेल.

बुरुलनं बूट काढले. मोज्यांवर मधल्या मोकळ्या जागेत गेली आणि सुरू केलं. हात वर, हात खाली. कमरेतून डावीकडे, उजवीकडे. तिनं खांदे पुन्हा पुढे पाडले होते, जुनी बुरुल झाली होती अगदी. मागे कुणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीश बाईंनी रुमालात नाक शिंकरलं.

तज्ज्ञानं हात वर करून तिला थांबवलं. तो हसत होता. हसण्यात दुष्टपणा नव्हता, कंटाळा होता.

"बाई, यात काही नाही," तो न्यायाधीशांना म्हणाला. "मी शंभर गुरू पाहिलेत असले. फोटोवरून चार गोष्टी उचलायच्या आणि भोळ्या लोकांना नादी लावायचं. याला स्वतःला काही येत नाही, हा शिकवणार काय? दोन वर्षं ही पोरगी थंडीत उभी राहिली आणि तिला माझ्या आजीइतकंही येत नाही. हा गुन्हेगार नाही, भोंदू आहे. घरी पाठवा त्याला."

मला वाटलं, सुटले. वकिलानं कागद आवरायला घेतले. क्लारानं मांडीवरची ओढणी हातात घेतली. आणि मी मास्तरांकडे पाहिलं तर ते मान हलवत होते, हो, हो, तसंच आहे म्हणून. त्यांना आपली अब्रू देऊन घरी जायचं होतं आणि ती द्यायला ते तयार होते.

न्यायाधीश म्हणाल्या, "बस खाली, मुली."

बुरुल बसली नाही. तिला कुणी ढकललं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. ती तिथेच उभी राहिली आणि तिची पाठ हळूहळू सरळ झाली. मग तिनं तो काता सुरू केला. पहिल्यापासून.

मला त्यातलं काही कळत नाही. मी एवढंच सांगू शकते, की खोलीतला आवाज बंद झाला. तिचे मोजे फरशीवर घासल्याचं ऐकू येत होतं. ती आली, थांबली, फिरली, आणि त्या हरवलेल्या पानाच्या जागी डाव्या टाचेवर सबंध वळून खाली गेली आणि उठली. इतक्या उंच बाईला इतकं खाली जाताना आणि न डगमगता वर येताना मी पाहिलं नव्हतं. त्याच वेळी माझी नजर मास्तरांवर गेली. त्यांनी मान वर केली होती. त्यांचे ओठ हलत होते. ते मोजत होते. आणि त्यांचा चेहरा न्यायाधीश बाईंनीही पाहिला.

ती थांबली तेव्हा तज्ज्ञाचं हसू गेलं होतं. त्यानं वही पुन्हा उघडली, सगळी पानं पाहिली, आणि हलक्या आवाजात म्हणाला, की हा काता वहीत नाही. आणि मधलं ते वळण, ते मी कुठेच पाहिलेलं नाही. ते याचंच आहे. त्यालाही ते म्हणताना बरं वाटत नसावं.

दोन वर्षं. उत्तरेकडच्या लाकूडतोडीच्या छावणीत.

बाहेर बर्फ पडत होता. क्लारा पायऱ्यांवर आमच्यासाठी थांबली होती. मला वाटलं मारेल. पण ती बुरुलसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बसायचं होतं गं. एवढंच. ती म्हणाली बस, तर बसायचं."

क्लारा निघून गेली.

त्यानंतरची बुरुल सांगायला मला जड जातं. ती कामाला यायची, जोडण्या करायची, खोलीवर येऊन छताकडे बघत पडायची. गावात दोन तट पडले. काही म्हणाले पोरगी मूर्ख. काही म्हणाले, मास्तरवर जीव होता तिचा म्हणून बिथरली. हे दुसरं खोटं होतं, आणि त्याचाच तिला जास्त त्रास झाला. तिनं छावणीत पत्रं लिहिली. एकालाही उत्तर आलं नाही. मी एकदा रागावून विचारलं, की का केलंस? ती म्हणाली, "तो त्यांना भोंदू म्हणाला." मी म्हटलं, म्हणू दे की, शब्दानं काय हाड मोडतं? ती म्हणाली, "तेवढंच असतं तर बरं होतं, सोनुन. लोक माझ्याकडेही बघत होते. माझ्याकडे कधी कुणी तसं बघितलं नव्हतं. पहिल्या चार हालचाली मी त्यांच्यासाठी केल्या असतील. पुढच्या कुणासाठी केल्या ते मला माहीत आहे."

हे तिनं मला एकदाच सांगितलं. मी ते कुणाला सांगितलं नाही, आज लिहिते आहे.

नवरा तुरुंगात गेल्यावर क्लारा पोटासाठी तिच्या भावांबरोबर चुई खोऱ्यात कांद्याच्या शेतावर गेली. जूनमध्ये बुरुलनं वर्षाची सगळी रजा एकदम घेतली आणि न बोलावता तिथे पोचली. क्लारानं तिला बघितलं आणि पाठ फिरवली. बुरुल एका ओळीच्या टोकाला बसली आणि गवत काढायला लागली. पहिल्या दिवशी तिला कुणी पाणीसुद्धा दिलं नाही. ती पाटाचं प्यायली. चौथ्या दिवशी क्लाराच्या भावजयीनं भाताचा वाडगा तिच्या शेजारी ठेवला. महिनाभर ती तिथे राबली आणि क्लारा तिच्याशी एक अक्षर बोलली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा गेली. त्या वर्षी क्लारा बोलली. पहिलं वाक्य होतं, "मुळं राहतायत तुझ्याकडून, नीट उपट."

मास्तर १९८५च्या वसंतात परतले. डाव्या हाताची दोन बोटं करवतीत गेली होती आणि छातीत खोकला बसला होता. डेपोनं त्यांना परत घेतलं, पण इंजिनांवर नाही, सामानाच्या खोलीत. बुरुल भेटायला निघाली तेव्हा मला सोबत चल म्हणाली. मी गेले.

ते अंगणात बाकावर बसले होते. बुरुल समोर उभी राहिली. तिनं काय काय ठरवून आणलं होतं ते सगळं विसरली आणि म्हणाली, "मास्तर, मी चुकले."

ते तिच्याकडे बघत राहिले. "हो," म्हणाले. "मला राग होता. अजून येतो, थंडीत हात दुखला की येतो." मग खोकल्याची उबळ आली, ती ओसरेपर्यंत आम्ही उभ्याच. "पण मीही मान खाली ठेवायची होती. ठेवली नाही. तू तो काता वाईट केला असतास ना, तर ठेवली असती."

"मला माफ कराल?"

"ते मला सांगता येत नाही. चहा घेऊन जा."

क्लारानं चहा दिला. वाट्या रिकाम्या करून आम्ही निघालो. त्यानंतर बुरुल महिन्यातून एकदा जायची. कोळसा उतरवून द्यायची, औषधं आणायची. कराटेचं नाव दोघांनी काढलं नाही.

चार वर्षांनी बंदी उठली. मग काय, भिंतीभिंतीवर जाहिराती लागल्या. ज्यांनी बॉयलरच्या खोलीतून पहिल्या दिवशी पळ काढला होता त्यांतले दोघे मोठे शिक्षक झाले. लोक मास्तरांकडेही आले, हात जोडून. त्यांनी आपली बोटं दाखवली आणि म्हणाले, "माझ्याकडे आता आठच पानं आहेत. बुरुलकडे जा." बुरुलनं सगळ्यांना परत पाठवलं.

मास्तर १९९१च्या मार्चमध्ये गेले, छातीच्याच दुखण्यानं. दफनाहून परतताना क्लारानं बुरुलला थांबवलं. म्हणाली, की त्यांनी दोन वर्षं ज्याच्यासाठी भोगली ते तुझ्याजवळ कुजवून ठेवणार असशील, तर ते मला पटत नाही. तू शिकव. मला आवडेल म्हणून नाही सांगत, मला ते शब्दही ऐकवत नाहीत. पण शिकव.

त्या शरदात बंद पडलेल्या क्लबघराच्या सभागृहात बुरुलनं वर्ग सुरू केला. पहिल्या दिवशी चार मुली आणि एक लठ्ठ शिंपी आले होते. तिनं त्यांना तीन महिने उभं केलं. मधल्या काळात तिनं असान नावाच्या बस ड्रायव्हरशी लग्न केलं, दोन मुली झाल्या. दोघींपैकी एकही कराटे शिकली नाही आणि तिनं त्यांना कधी विचारलंही नाही. तीस वर्षं ती शिकवते आहे. गावातली पोरं तिला बुरुल एजे म्हणतात, मोठी ताई. तिच्या वर्गातली मुलं स्पर्धांना जातात, पदकं आणतात. ती बरोबर जाते आणि मागच्या रांगेत बसते. तो एक काता तिनं कुणाला शिकवलेला नाही. आणि लोकांसमोर तिनं कधीही, एकदाही, कुठलाही काता करून दाखवलेला नाही. विद्यार्थ्यांना ती तुकडे तुकडे दाखवते, हात असा, पाय असा, आणि बाजूला होते. नव्या पोरांना वाटतं एजेचे गुडघे गेलेत.

क्लारा अजून आहे, ब्याऐंशीची. बुरुल तिच्याकडे दर रविवारी जाते. दोघी भांडतात, बहुतेक मिठावरून.

गेल्या हिवाळ्यात मी बुरुलकडे बसले होते. ती बटाटे सोलत होती. आम्ही म्हाताऱ्या झालो आहोत, आता विचारायला हरकत नाही असं वाटलं, म्हणून मी विचारलं, की पुन्हा तसंच घडलं, न्यायाधीश म्हणाली बस, तर बसशील?

एक बटाटा सोलून झाला, दुसरा घेतला.

"रोज बसते," ती म्हणाली. "रोज ठरवते की बसायचं, आणि बसते. मग तो राजधानीचा माणूस हसतो."

तिनं घड्याळ पाहिलं, सुरी ठेवली आणि कोट घ्यायला उठली. वर्गाची वेळ झाली होती.